हळदकुंकवाखालचा सिनेमा

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ संगीत नाटकात गायचे. सांगलीकर त्यांच्या एकेका पदाला तीन-तीन वन्समोअर द्यायचे, असं आमच्या घरात सगळे सांगतात. सांगणाऱ्यांपैकी एकानेही ते नाटक पाहिलेलं नाही. पुढे कंपनी मोडली, ते कोल्हापूरला गेले आणि बोलपटांचे दिग्दर्शक झाले. रंगभूमीवरचा त्यांचा आवाज कुणी मुद्रित केला नाही. स्वतः दिग्दर्शित केलेल्या एका बोलपटात मात्र ते गायले होते. त्याची आम्हाला ठाऊक असलेली एकच प्रत माधवनगरला, माझ्या थोरल्या चुलतभावाकडे, नऊ डब्यांत होती. तो आवाज मला एकदा ऐकायचा होता.

‘‘दादा, डबे तपासून घेऊ,’’ असं मी कराडहून फोनवर किती वेळा म्हणालो असेन.

‘‘आरं, देव्हाऱ्याशेजारी हायत. जिवापाड जपलेत. तुला कशाचा घोर?’’

यंदा तो कसाबसा तयार झाला. जुन्या फिल्म जतन करणारे एक गृहस्थ पुण्याहून आले. त्यांनी पहिला डबा उघडला. आत हळदकुंकवाचे थर, कुजलेल्या पाकळ्या, अक्षता. फिल्म चिकटून वडीसारखी घट्ट झालेली.

‘‘हे काय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘खंडेनवमीची पूजा,’’ दादा म्हणाला. ‘‘दर वर्साला करतो. शेतकरी नांगर पूजतो, आमी हे पूजतो.’’

‘‘पण झाकण उघडून?’’ मी ओरडलोच.

‘‘मग? देवाला काय पेटीवरनं कुंकू लावत्यात व्हय? फुलानं पाणी शिंपडायचं, हळद वाहायची. वडलांनी घालून दिलेली रीत हाय गड्या.’’

आठ डबे तसेच निघाले. नवव्याचं झाकण गंजून बसलं होतं. वहिनी म्हणाल्या, ‘‘हे लय वर्सं झालं उघडतच न्हाई. वरनंच नमस्कार करतो. दर साल चुटपुट लागती बघा भावजी.’’ ते झाकण कापून काढलं. आतली फिल्म बरीचशी शाबूत होती. ज्याची पूजा राहिली तेवढंच वाचलं, हे मी त्या दोघांना दोनदा समजावलं. दादा माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसा बघत राहिला.

त्या गृहस्थांनी सगळे डबे पुण्याला नेले. महिन्याभरात फोन आला. नवव्या डब्यात कोर्टाचा प्रसंग होता. गाणं एकही नव्हतं. बाकी आठांतून काही निघण्यासारखं नव्हतं. डबे रिकामे करून दादाला परत पाठवले होते.

दसरा जवळ आला तसा मी दादाला फोन केला. आता तरी झाकण लावून पूजा करा, म्हणालो.

‘‘आता झाकणं उघडी ठिवली तर काय बिघडतंय रं?’’ त्याने विचारलं.

मी फोन ठेवला.