वाटीतली लवंग

अष्टमी-चतुर्दशीला माझं एकाशन असतं. दिवसातून एकदाच बसून जेवायचं, तेही दिवस मावळायच्या आत. लग्नाआधीपासून धरलेलं व्रत. आणि मध्यंतरी एका चतुर्दशीला मी दुपारी दुसऱ्यांदा ताट वाढून घेतलं. सून म्हणाली, “आवं आत्या, मगाशी जेवलायसा की तुमी.” घास तोंडातच राहिला.

लेकानं तासगावहून सांगलीला नेलं, मेंदूचा फोटो काढायला. अंगावर धातू चालत नाही म्हणे. जोडवी निघता निघेनात, साबण लावून काढली. फोटो काढायच्या नळीत आडवं केल्यावर कानाशी मळणीचं मशीन लावल्यागत आवाज.

डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. म्हणाली, “आजी, आठवणींचा भाग थोडा आकसलाय. पुढं विसरणं वाढू शकतं. वाढेलच असं नाही. वर्षानं परत फोटो काढू.”

मी म्हटलं, “आमच्या द्राक्षबागेत छाटणीआधी काडी तपासून घड किती येणार ते सांगतात. तुमी विसरायचं साल तरी सांगा.”

“ते दरवेळी खरं होतं का?”

“न्हाई.”

ती हसली. मला काही हसू आलं नाही.

तेव्हापासून जिवाला चैन नाही बघा. गॅस बंद केला का बघायला तीनदा उठते. नातवंडांची नावं मनात म्हणते, एखादं अडलं की पुन्हा पहिल्यापासून. सून म्हणाली, “एकाशनाचं मी ध्यानात ठेवते.” मी म्हटलं, “माझं व्रत माझं मी सांभाळीन.” जेवण झालं की कोनाड्यातल्या वाटीत एक लवंग टाकायची, दुसऱ्या दिवशी काढायची, असं ठरवलं. अष्टमीला जमलंही.

परवा चतुर्दशीला दुपारी वाटी बघितली, लवंग होती. म्हणजे जेवले. पण पोटात तर आग पडलेली. ही लवंग आजची, का अष्टमीची काढायची राहिली? खावं तर व्रत मोडायची भीती, सुनेला विचारावं तर कमीपणा. नुसती पुढच्या सोप्यातून मागच्या परड्यात, परड्यातून सोप्यात.

ऊन बेदाण्याच्या शेडमागं उतरलं तशी सून आली. “आत्या, दिवस मावळाय लागला. सकाळपासनं कायबी खाल्लं न्हाईसा.”

“मग आधी सांगायचं न्हाईस व्हय?”

“तुमीच म्हणला की, माझं मी सांभाळीन.”

घाईघाईनं जेवले. उठताना वाटीतली लवंग तिच्या हातावर ठेवली. म्हटलं, “आता तूच ठेव ध्यानात.”

तिनं ती तोंडात टाकली आणि ताट उचललं.