दहावी सही

कॅनडातल्या रेजिनात मार्च महिन्याला वसंत म्हणतात. म्हणणारे म्हणतात; बर्फाला मात्र कुणी तसं कळवलेलं नसतं. त्या दिवसांत टीव्हीवर फ्लोरिडा दिसतो. मोठमोठे बेसबॉल संघ तिथे अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून हिरवळीवर सराव करत असतात. त्याला स्प्रिंग ट्रेनिंग म्हणतात. आणि चार जाणकार टेबलाभोवती बसून यंदा कुणाचा खांदा बरा, कुणाचा गुडघा गेला, कोण संघात राहणार, कोण बाहेर पडणार याचा अंदाज अशा चेहऱ्याने सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं घरात कुणाचं तरी ऑपरेशन आहे.

आमचंही स्प्रिंग ट्रेनिंग त्याच दिवसांत असतं. एका प्राथमिक शाळेच्या जिममध्ये, रविवारी सकाळी, बाहेर गाड्यांची इंजिनं गोठू नयेत म्हणून त्या प्लगला लावून. आणि त्या चेहऱ्याचा जाणकार मी.

आमचा संघ इथल्या मराठी मंडळाचा. उन्हाळ्यात हौशी लीगमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी खेळतो. खरं सांगायचं तर हा खेळ म्हणजे बेसबॉलचा धाकटा भाऊ. चेंडू मोठा, आणि पिचरने, म्हणजे तिथल्या गोलंदाजाने, तो हळू, उंच कमान करून टाकायचा. पण साताऱ्याला फोनवर मी नुसतं ‘बेसबॉल’ म्हणतो. तिथे माझ्या मेव्हण्याची समजूत आहे की मी कॅनडाकडून खेळतो. ती दुरुस्त करायची संधी मला बावीस वर्षांत मिळालेली नाही.

दर मार्चमध्ये मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘यंदाचा संघ : एक अंदाज’ असा लेख टाकतो. यंदाचाही टाकला. फर्स्ट बेसला, म्हणजे धावताना गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, आमचे निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ. दोन्ही गुडघे नवे, त्यामुळे त्यांच्या पायांचं वय अवघं दीड वर्ष. आउटफील्डला विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक. चेंडू उडाला की तो कुठे पडेल हे ते अचूक काढतात, फक्त उत्तर येईपर्यंत चेंडू पडून गवतात थंड झालेला असतो. शॉर्टस्टॉपला पुण्याहून नुकताच आलेला सॉफ्टवेअरवाला. पहिल्याच रविवारी त्याने असा फटका हाणला की जिमच्या छतातले पाच वर्षांपूर्वी अडकलेले तीन चेंडू खाली आले, आणि मग हा क्रिकेटच्या सवयीने बॅट हातात घेऊन फर्स्ट बेसकडे धावत सुटला.

“अरे, बॅट टाक! बॅट टाक!” आम्ही सगळे ओरडलो.

त्याने बेसपाशी जाऊन बॅट टेकवली, वळला आणि परत निघाला. दुसऱ्या रनसाठी.

त्याला हसायचा आम्हाला काही अधिकार नव्हता. आमच्यातला प्रत्येक जण पहिल्या वर्षी बॅट घेऊनच धावलेला आहे. एक डॉक्टर तर क्रीजमध्ये टेकवल्यासारखी बॅट पुढे करून छातीवर आडवे झाले होते, आणि त्या दिवसापासून त्यांनी फक्त स्कोअर लिहायचं काम घेतलं.

तर संघ असा. पण लेखातल्या सगळ्या गमजा ज्याच्या जिवावर, तो एकच माणूस होता: आमचा पिचर.

पिचर माझा मित्र. नागपूरचा. एकाच वर्षी एकाच सरकारी खात्यात लागलो, एकाच रस्त्यावर चार घरांच्या अंतराने घरं घेतली, आणि निवृत्तही एकाच केकवर झालो. तरुणपणी तो लेगस्पिन टाकायचा. ते मनगट त्याने इथे आणलं. त्याचा चेंडू वर जायचा तो असा, की समोरचा फलंदाज खिशातून फोन काढून बायकोला भाजीचं विचारून घेई, फोन ठेवी, बॅट सावरी, आणि तरीही चेंडू आलेला नसे. आला की मात्र त्याच्या बुटाच्या नाडीपाशी असा वळे, की धिप्पाड गोरे शेतकरी स्वतःभोवती गिरकी घेऊन बसकण मारत. तीन वर्षांपूर्वी माझ्या या मित्राची बायको गेली. त्यानंतर तो मंगळवार ते मंगळवार असाच जगत आला. मुलगा टोरोंटोला, बँकेत.

लीगचा एक नियम आहे. एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारपर्यंत फॉर्मवर दहा खेळाडूंच्या, ज्याच्या-त्याच्या हातच्या, सह्या हव्यात. नऊ असल्या तर संघ बाद, आणि आपली जागा रांगेतल्या दुसऱ्या संघाला. हा नियम बहुतेक आमच्यासारख्यांना पाहूनच केला असावा. कारण आमच्या मंडळात ‘नाही’ म्हणायची पद्धत नाही. काहीही विचारा, लोक ‘हो’ म्हणतात. ‘बघू’ म्हणजे नाही, हे लहान मुलालाही कळतं. पंचाईत असते ती ‘हो’ची. त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की तुमचं मन मोडवत नाही. गेल्या संक्रांतीला एकोणीस घरांनी गुळाच्या पोळ्या आणतो म्हणून ‘हो’ म्हटलं. संध्याकाळी टेबलावर साडेचारशे समोसे होते.

मी नऊ सह्या मिळवल्या. प्राध्यापकांची व्याख्यान चालू असताना घेतली. दहावी माझ्या मित्राची. ती मी शेवटी ठेवली, कारण ती तर घरचीच होती.

पहिल्या रविवारी फॉर्म पुढे केला तर म्हणाला, “चष्मा गाडीत आहे बे. पुढच्या वेळी.”

पुढच्या वेळी पेन चालेना. माझं पेन दिलं तर म्हणाला, “याची शाई उठून नाही राहिली नीट.” त्याच पेनाने मी लगेच माझ्या तळहातावर आमच्या संघाचं नाव लिहून दाखवलं. तो म्हणाला, “बरोबर आहे. हातावर उठते, कागदावर नाही उठत.”

तिसऱ्या वेळी मी त्याच्या घरी गेलो. दार अर्धं उघडून त्याने पिठाचे हात दाखवले. “थालीपीठ लावून राहिलो. करतो ना बे सही! येऊन राहिलो ना मी खेळायला!”

“येतोयस ना नक्की?”

“हो.”

घरी आल्यावर बायको म्हणाली, “अहो, काल मी त्यांच्याकडे डबा द्यायला गेले होते. त्यांचा देव्हारा भिंतीवर नव्हता.”

“घासायला काढला असेल.”

“सागवानी आहे तो. सागवान घासतं का कुणी?”

मी म्हणालो, नागपूरकडे घासत असतील. आणि विषय संपवला.

माझ्या बाजूने मी त्याच्या खांद्याची काळजी संबंध हिवाळाभर घेतली होती. हे मी फुशारकीने सांगत नाही. सांगतो, कारण पुढे ते माझ्याच अंगावर आलं. डिसेंबरमध्येच मी त्याला बजावलं होतं, फावड्याला हात लावलास तर संघातून काढीन. दर बर्फानंतर सकाळी माझ्या ड्राइव्हवेवरचा, म्हणजे गाडीच्या वाटेवरचा, बर्फ उपसायचो आणि मग त्याच्या. यंदा एवढा बर्फ पडला, की त्याच्या अंगणाच्या कोपऱ्यावर मी रचलेल्या ढिगाला शेजारची मुलं हिमालय म्हणू लागली. एका सकाळी वर चढून मी शेजारचा मॅनिटोबा प्रांत पाहिला. सगळा ढीग एकाच कोपऱ्यात टाकायचो, कारण वारा तिकडे होता.

मग त्या शेवटच्या आठवड्यात ऊन पडलं. गुरुवारी दुपारी, म्हणजे फॉर्म द्यायच्या आदल्या दिवशी, मी पेन-फॉर्म घेऊन निघालो. माझा हिमालय खचला होता. त्यातून एक लाकडी खांब वर आला होता, खांबाला पाटी, पाटीवर घरं विकणाऱ्या एका हसऱ्या एजंटबाईचा फोटो, आणि त्या बाईच्या गळ्यावरून तिरकी लाल पट्टी: घर विकलं गेलं.

दार उघडून तो पायरीवर आला. हातात दोन कप चहा. म्हणजे खिडकीतून मला पाहत होता.

“हे काय आहे?”

“पाटी आहे.”

“ते दिसतंय मला. कधीपासून आहे?”

“फेब्रुवारीपासून. घर विकलं गेलं त्या दिवशी ती बाई पट्टीसकट लावून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तू आला आणि तिच्यावर फावड्याने बर्फ टाकला. मग रोजच टाकू लागला.” त्याने मला कप दिला. “मी खिडकीतून पाहत होतो. म्हटलं, गडी लय रागावला. बोलून काही नाही राहिला, नुसता पाटी पुरून राहिला. मग मीही काही बोललो नाही.”

आयुष्यात मी एवढ्या थापा मारल्या आहेत, पण ‘मला पाटी दिसलीच नव्हती’ हे एकमेव खरं वाक्य माझ्या तोंडून निघेना. रात्रीच्या वाऱ्याने ती वाकून आधीच बर्फात अर्धी बुडाली असणार, आणि मी मान खाली घालून फावडं मारत होतो.

“काहून जाऊन राहिला?” मी त्याच्याच भाषेत विचारलं. ते मी सहसा त्याला चिडवायला करतो.

त्याने चहाचा घोट घेतला. “जानेवारीत मी बेसमेंटच्या जिन्यावरून पडलो. वॉशिंग मशीनकडे चाललो होतो. चार तास खाली होतो. फोन वर.”

“जानेवारीत? कुठल्या दिवशी?”

“तू मिसळ खायला बोलावलं होतं ना. वर आल्यावर मी म्हटलं, सर्दी झाली.”

मला ती मिसळ आठवली. त्याच्या वाट्याची मी खाल्ली होती, आणि ग्रुपवर त्याच्या नाजूक नाकाबद्दल चार ओळीही टाकल्या होत्या. चार घरं. त्याने खालून हाक मारली असती तर मला ऐकू आली नसती. आणि त्याने ती मारलीही नव्हती.

“मुलगा म्हणाला, बाबा, इकडे या. मी हो म्हटलं. त्याचं मन मोडवेना.”

“आणि मला ‘येऊन राहिलो’ म्हणालास?”

“तुझंही मोडवेना.”

मी पुष्कळ बोललो. बेसमेंटला लिफ्ट बसवू म्हणालो. रोज सकाळी येऊन तुझे कपडे मी धुतो म्हणालो. टोरोंटोच्या कॉन्डोत माणसं कशी एकविसाव्या मजल्यावर हवा विसरून जातात, याचे तीन किस्से सांगितले. तिन्ही तिथेच रचले. तो प्रत्येकाला मनापासून हसला. मुलगा शनिवारी येणार होता. सामानाची गाडी ठरली होती. माझ्या हातात एक फॉर्म होता आणि मागे वितळत चाललेला माझाच ढीग. दुसरं काही नव्हतं.

शेवटी त्यानेच हात पुढे केला. “आण तो कागद.”

“कशाला? तू तर चाललास.”

“नऊवर संघ बाद होतो ना? आण.”

चष्मा त्याच्या कपाळावरच होता. तो त्याने डोळ्यांवर ओढला, फॉर्म दाराच्या चौकटीवर धरला आणि माझ्याच पेनाने सही केली. शाई छान उठली.

“येतोस ना मग मंगळवारी?” मी विचारलं. का विचारलं, मला माहीत नाही.

“हो,” तो म्हणाला.

शुक्रवारी लीगच्या ऑफिसात मी फॉर्म दिला. काउंटरवरच्या बाईंनी बोटाने एकेक सही मोजली आणि दहाव्या सहीवर थांबून हसल्या. “हा तोच ना, उंच चेंडू टाकणारा? गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याला याने गोल फिरवून खाली बसवलं होतं. यंदाही येतोय ना?”

मी ‘हो’ म्हणालो. इंग्रजीत म्हणालो, पण ते आमचंच ‘हो’ होतं.