पानमळ्यात हरवलेला लेखनिक

ज्या मुलांचं लक्ष टिकत नाही त्यांना ते टिकवायला शिकवणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. मी विशेष शिक्षक. अकोल्याहून बसनं अंजनगाव सुर्जीला येतो. वाटेत डुलकी लागलीच तर पुढचा परतवाडाही पाहून येतो.

तिथल्या शाळेत दहावीची एक मुलगी होती. वाचताना तिची ओळ निसटायची, लिहिताना अर्धा शब्द वाटेतच राहायचा. तोंडी विचारा, सगळं धडाधड सांगणार. अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक मिळतो: मुलानं सांगायचं, खालच्या वर्गातल्या कुणी लिहायचं. पण ही तयारच होईना.

“पोरी म्हनतीन, हिच्या हाताले मेंदी लागली काय! अन् पेपर तं लिवनारीचाच होईन, सर. माया कुठी राह्यला?”

अर्ज त्याच संध्याकाळी जायचा होता. मी म्हटलं, “एकदा करून पाहू. लेखनिक मी. डोकं तुझं, माझा फक्त हात.”

निबंधाचा विषय दिला, माझी आवडती जागा. वर्ग रिकामा होता. पंखा आळसावून फिरत होता. ती डोळे मिटून सांगू लागली.

“आमचा पानमळा. आत जायाच्या आंधी चपला काढा लागते. बाहेर कितीबी ऊन असो, आत हिरवागार अंधार. विहिरीत उतरल्यावानी वाटते. तिथं मोठ्यानं कोनी बोलतच नाई. बाबा पानं खुडते, तं वाटते दूर कुठी पानी टपकून राह्यलं...”

तळव्यांना ओली माती गार लागली. उन्हाचे ठिपके शर्टावरून सरकत गेले. वेलींच्या दोन रांगांमधून तिचा आवाज पुढं चालला होता आणि मी मागं मागं. वाट संपत नव्हती. संपावी असंही वाटत नव्हतं.

“सर, झालं. वाचा बरं.”

मी वाचलं, “‘आमचा पानमळा हे अत्यंत रमणीय स्थळ आहे. आत जाण्यापूर्वी पादत्राणे...’”

पुढं पेनाची एक लांब रेघ होती, कागदाच्या काठापर्यंत घरंगळत गेलेली.

“बस?” तिनं बाकाखाली पाहिलं. “अन् तुमी चपला काहून काढल्या?”

दोन्ही चपला भिंतीशी शहाण्यासारख्या जोडून ठेवल्या होत्या. कधी, ते मला आजही माहीत नाही.

“खरंच आत गेल्ते काय, सर?”

“गेलो होतो,” मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

तिनं त्या रेघेवरून काठापर्यंत बोट फिरवलं. मग ओठ दाबून हसली.

“भरा अर्ज. पन तुमी नोका येऊ, मले नापास करसान. नववीतली एखांदी द्या, अन् तिले सांगून ठेवा. म्या म्हटलं तेवढंच लिवाचं. सजवाचं नाई.”