खूप म्हणायचं नाही

महाल भागातल्या आमच्या घरात 'खूप' या शब्दाला जवळजवळ बंदीच होती. पोर कितीही गोजिरवाणी असो, 'बरी आहे' म्हणायचं, नाहीतर दृष्ट लागते. आणि कोणी तापानं फणफणला तरी 'जराशी कसर आहे' एवढंच; वास्तू तथास्तु म्हणते, बोलाल ते खरं होतं.

माझं पहिलं बाळ गेलं होतं. त्याच्या बारशाला एक बाई "किती गुटगुटीत आहे वं!" म्हणाली होती, ते सासूबाई विसरल्या नव्हत्या. मी बीए झालेली, असल्या गोष्टींना हसायला हवं होतं. मला हसू यायचं नाही.

मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत यजमान संत्र्याच्या बागांचं शिक्षण घ्यायला स्पेनला गेले. मागून मी मुलीला घेऊन जायचं ठरलं होतं. म्हणून मिशनच्या दवाखान्यातल्या एका स्पॅनिश सिस्टरकडे मी भाषा शिकू लागले. मुलगी मांडीवर असायची.

'मुय' म्हणजे फार, तो विशेषणाआधी येतो आणि कधी बदलत नाही. नामाआधी 'मुचो' येतो, आणि तो मात्र नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतो. त्यांच्याकडे दूध स्त्रीलिंगी, म्हणून 'मुचा'. इतपत ठीक होतं. पण सिस्टरना उदाहरणाला माझीच पोर सापडायची. ती मुय देखणी, तिला मुचो जावळ! मग विशेषणालाच 'इसिमा' जोडून "गुआपिसिमा!" म्हणजे देखण्यांत देखणी. मी पदराआड तिच्या गालावरची काजळाची तीट ठसठशीत करायची आणि उत्तरात 'पोको' घालायची. पोको म्हणजे थोडं.

"तुझ्याकडे सगळंच पोको कसं?" सिस्टर वैतागून विचारायच्या. काय सांगणार, कप्पाळ?

ऐन उन्हाळ्यात पोरीला ताप भरला. सासूबाईंनी मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका उठला नाही. म्हणजे दृष्ट लागलीच होती. मला सिस्टरचा रागच आला, खरंच आला.

सकाळी गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "जराशी कसर आहे." मी शेजारीच उभी होते. रात्रभर पोरीनं दूध ओढलं नव्हतं, हे माझ्या ओठांवर होतं. पण बोलले तर तसंच होईल, या भीतीनं जीभ उचलेना. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी पुड्या दिल्या.

दुपारी पोर मलूल झाली. रडायचीही थांबली. सासूबाईंनी तिच्या तळपायाला हात लावला आणि एकदम उठल्या.

"चाल, तुह्या सिस्टरकडे. तिले खरं काय ते सांग."

"मी कशी सांगू?"

"तिच्या बोलीत सांग. आपल्या बोलीत नको."

आम्ही सायकलरिक्षा केली. रस्ते ओस होते, लू तोंड भाजत होती. सिस्टर व्हरांड्यात आल्या आणि हिंदीत विचारू लागल्या, क्या हुआ? मी पोर पुढे केली.

"मुचा फिएब्रे," मी म्हणाले. खूप ताप. "एस्ता मुय माला." फार आजारी आहे. दूधही घेत नाही, तेही सांगितलं. सिस्टरनी पोर माझ्या हातातून घेतली आणि आत धावल्या. सासूबाई खाली जमिनीवर बसल्या.

आठवडाभर आम्ही तिथंच होतो. निघायच्या दिवशी सिस्टर माझ्याशी बराच वेळ बोलल्या. रिक्षात बसल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणून राहिली होती सिस्टर?"

पोरगी आता अगदी ठणठणीत आहे, काही म्हणजे काही काळजी नको, असं सिस्टर म्हणाल्या होत्या. मी पोरीला पदराखाली घेतलं.

"बरी आहे म्हणाल्या," मी सांगितलं.