सारवणातले खिळे

यंत्र पाहिल्याबरोबर मला त्याचा राग आला, हे आधीच सांगून टाकते. आमचे नंदोई ते अकोल्याहून घेऊन आले होते. तिथे ते रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते आणि त्यांच्या मालकाने जमिनीतलं सोनं-लोखंड शोधायचं हे नवंकोरं, महागडं यंत्र बनवलं होतं. "असं मशीन पुऱ्या वऱ्हाडात नाई," हे त्यांनी गाडीतून उतरायच्या आधीच दोनदा सांगितलं. सासरे तर हरखूनच गेले. त्यांच्या आज्याने आवारात कुठेतरी मोहरांचा हंडा पुरला होता म्हणे. ही गोष्ट आम्ही रोज जेवताना ऐकत असू.

हंडा होता की नाही देव जाणे. डबा मात्र होता, आणि तो माझा होता. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना विहिरीवर इंजिन बसवायचं होतं आणि त्यांची नजर माझ्या आईने दिलेल्या सोन्याच्या पुतळ्यांच्या माळेवर गेली होती. मी सरळ खोटं बोलले. "माळ माहेरी राहिली," म्हटलं, आणि ती पत्र्याच्या डब्यात घालून गोठ्यात गव्हाणीखाली पुरली. आता डबा निघाला असता तर माळ तर गेलीच असती, वर साऱ्या भावकीत मी खोटारडी ठरले असते.

जावई यंत्र घेऊन येणार हा निरोप आदल्या दिवशी आला. डबा हलवावा तर गाय व्यायला झालेली, आणि सासरे गोठ्यातच खाट टाकून बसलेले. पण जावई येणार म्हटल्यावर आमच्याकडे अंगण सारवलंच पाहिजे! तिथे माझं डोकं चाललं. नालबंदाने बैलांच्या खुरातून काढलेले जुने खिळे सासरे एका मडक्यात जपून ठेवत. त्यांच्या घरात काहीच फेकायचं नसे. मी ते मडकंच शेणाच्या टोपलीत उपडं केलं. भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, शेणाबरोबर खिळे अंगणभर दाबत गेले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवर तूर निवडत होत्या. डबा पुरल्यापासून मी त्यांच्या नजरेला भिऊन असे.

"आज लय मन लावून सारवून राह्यली वं," त्या म्हणाल्या.

"जवाई येऊन राह्यले ना," मी म्हटलं.

गोठ्यात मात्र सासऱ्यांच्या खाटेमुळे मला हात घालता आला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर यंत्र अंगणात आलं. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, आणि तारेने जोडलेली भोंगा असलेली जड पेटी. पेटी गरम व्हायला वेळ लागतो म्हणून नंदोई तिला लेकरासारखी कडेवर घेऊन उभे. आधी चकती सासऱ्यांच्या अडकित्त्यावर धरली. भोंगा कुंईऽ करून ओरडला. मग माझ्या जोडव्यांवर धरली. पुन्हा कुंईऽ! खरं सांगते, मला कौतुक वाटलं. पण चांदी ओळखणारं यंत्र सोन्याला काय सोडणार?

मग चकती अंगणावर फिरू लागली आणि जो कल्ला झाला, बाप्पा! पाऊल पुढे टाकलं की कुंई, मागे घेतलं की कुंई. सासऱ्यांनी धोतर खोचून कुदळ घेतली. पहिला खिळा निघाला. दुसरा निघाला. दहाव्या खिळ्याला त्यांनी कुदळ टाकली.

"जवाईबापू, हे मशीन हाय का भुकणारं कुत्रं?"

"नवं हाय मामाजी. लय नाजूक हाय ते," नंदोई घाम पुसत म्हणाले.

"नाजूक हाय तं घरी निजवाचं होतं! बापजाद्यापासून बैलायले इथीच नाल ठोकून राह्यलो आमी. खिळे नाई तं काय निघतीन?"

मी पदर तोंडात कोंबून उभी होते.

माझं हसू गोठ्याच्या दारात आटलं. गाय पहाटेच व्याली होती, खाट उचललेली होती. "इथी पाहू," म्हणत नंदोई थेट गव्हाणीकडे निघाले. मी ठरवलं, पुढे होऊन तिथे उभं राहायचं आणि सगळा आळ जोडव्यांवर घालायचा. पण माझ्याआधी आत्याबाई झपझप गेल्या आणि गव्हाणीला पाठ टेकून, पाय पसरून बसल्या. चकती जवळ आली तसं यंत्र किंचाळलं.

"माह्या जोडव्यानं वाजून राह्यलं ते," आत्याबाई म्हणाल्या.

"मंग घडीभर काढून ठेवता का?"

झालं! "काय म्हटलं? नवरा समोर धडधाकट उभा हाय आन् मी जोडवे काढू? जवाई हाय म्हणून आयकून घेतलं, नाई तं दाखवलं असतं!"

सासऱ्यांचा चेहरा उतरला. बायकोने आपल्या देखत जोडवी काढायची, हे त्यांना एका हंड्यापायी नको होतं. "पुरे झालं जवाईबापू, बांधा ते," ते म्हणाले आणि बाहेर गेले. नंदोईही पेटी उचलून त्यांच्यामागे गेले.

आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. मी जवळ गेले.

"तुमाले माहीत होतं?" मी विचारलं.

"दोन वर्सांपासून. तुह्या डब्याच्या हातभर खाली माह्या पाटल्या हायत. तुह्या सासऱ्याले सांगतलं होतं, अनसिंगच्या बाजारात चोरीले गेल्या. तू खड्डा खांदून राह्यली होती तवा मी दाराआड उभी होती. म्हटलं, अजून जराशी खोल गेली का बुडाली मी."

"मंग बोलल्या काहून नाई?"

"भेव लागे," त्या म्हणाल्या. "तू सांगून देशीन म्हणून."

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही. दोन वर्षं मी ज्या बाईला भिऊन त्या घरात वावरले, ती मला भिऊन होती.