लाल अक्षरं

मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या आमच्या संस्थेची वेबसाइट अंध मुलींनाही वापरता यावी, हे काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. जळगावच्या एका शाळेत मी संगणक शिकवते, त्यामुळे हे आपल्याला येणारच असा माझा तोरा. प्रत्येक फोटोखाली वर्णन लिहिलं: कोणते देणगीदार, कोणाच्या हस्ते शाल-श्रीफळ स्वीकारताहेत. आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांनी पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या फोनच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकलं आणि खूश होऊन मला ते तीनदा वाजवायला लावलं. वसतिगृहाच्या अर्जाचं पान मी शेवटी घाईघाईत उरकलं. तपासलंही, पण डोळे उघडे ठेवून.

प्रवेशयादी लागून आठवडा झाला होता. शिरपूरकडच्या एका खेड्यातून एका मुलीचा फोन आला. तिला अजिबात दिसत नव्हतं. कोणत्या दिवशी यायचं आणि गादी घरून आणायची का, एवढंच तिला विचारायचं होतं. बॅग तिनं भरून ठेवली होती. मी यादी पाहिली, मग आलेले अर्ज पाहिले. तिचा अर्जच नव्हता. असं कसं होईल, म्हणाली ती, मी स्वतः भरला. भावानं अट घातली होती, फॉर्म कोणाची मदत न घेता भरून दाखव, मग खुशाल जा. दोन दुपारी खपून तिनं तो भरला होता आणि शेवटचं बटण दाबल्यावर फोन गप्प झाला म्हणजे अर्ज गेला, असं धरलं होतं.

मी तिला फोन चालू ठेवायला सांगितलं आणि दुसऱ्या फोनवर तिच्यासारखाच, नुसतं ऐकत, फॉर्म भरत गेले. शेवटी ‘नियम मान्य’ची एक चौकट होती. त्या चौकटीला फोनला वाचता येईल असं नावच मी दिलेलं नव्हतं, त्यामुळे फोननं ती वाचलीच नाही. मी ती तशीच सोडून बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली, अर्ज अपूर्ण आहे. फोन मुका. ती लाल अक्षरं मीच केली होती, ठळक, लगेच नजरेत भरतील अशी.

संध्याकाळी फोन करते, एवढंच तिला सांगितलं आणि तशीच उठून नानांकडे गेले. रडले, भांडले, एक पलंग वाढवा म्हणून हात जोडले. नाना वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, सगळ्या खोल्या भरल्या, आता आलेल्यांपैकी कोणत्या मुलीला घरी पाठवू ते तूच सांग. पुढच्या वर्षी पहिला नंबर तिचा. पुढच्या वर्षी तिला घरातून कोण सोडणार होतं?

संध्याकाळी मी तिला फोन केला. काही लपवलं नाही. चौकटीचं सांगितलं, लाल अक्षरांचं सांगितलं. मला वाटलं रडेल, चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. मग तिनं विचारलं,

“मंग मनी चूक नही शे ना, मॅडम? हाई मना भाऊले सांगा.”

आणि तिनं फोन भावाकडे दिला. मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तुमच्या बहिणीनं फॉर्म अगदी बरोबर भरला होता, चूक माझी आहे, मी ती वेबसाइट केली, पाहिजे तर लिहून देते. दोनदा सांगितलं. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही, शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“तुम्हीन तिनी बाजू लई रायनात, मॅडम,” मी बहिणीची बाजू घेतेय असंच धरून तो म्हणाला, “माले समजस.”

आणि त्यानं फोन ठेवला.