बाबांची मॅट्रिक

मी जन्मभर मास्तरकी केली आणि जन्मभर मला मार्च महिना सोसला नाही. परीक्षेच्या खोलीत शाईचा आणि घामाचा वास एकत्र झाला की मी मागे सरत भिंतीशी जाते. बरोबरच्या शिक्षकांना वाटायचं, बाई कडक आहेत म्हणून भिंतीला टेकून गप्प उभ्या असतात. कडक कसलं डोंबल! मला धास्ती असायची, की मागच्या बाकावरून कुणीतरी उठेल आणि ते बाबा असतील.

नांदुऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या शाळेत बाबा सातवीला शिकवायचे. स्वतः सातवी पास, मग नॉर्मलचं, म्हणजे मास्तरकीचं, शिक्षण घेतलेलं. त्या काळी एवढ्यावर माणूस गुरुजी व्हायचा आणि गावात मानाने राहायचा. सातवीचा वर्ग म्हणजे बाबांचा जीव होता. आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं पायी येऊन त्यांच्याकडे शिकत.

महाराष्ट्र झाला, शाळा जिल्हा परिषदेकडे गेली, वरच्या वर्गांना इंग्रजी आलं. मग हुकूम आला, की सातवीला शिकवणारा इंग्रजीसकट मॅट्रिक पाहिजे. बाबांना मुदत मिळाली. तेवढ्यात पास झाले तर वर्ग त्यांचा आणि मॅट्रिकवाल्यांचा पगार. नाही झाले तर संग्रामपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एकाच मास्तरावर चालणाऱ्या शाळेत जाऊन बाराखडी गिरवून घ्यायची. आईचा डोळा पगारावर होता, आणि का असू नये, दर महिन्याच्या अखेरीला वाण्याकडे तिलाच तोंड दाखवावं लागे. बाबांना मात्र वर्ग सुटण्याची भीती होती. पन्नाशीकडे झुकलेला माणूस संध्याकाळी पाठ फिरवून इंग्रजीचं पुस्तक वाचायचा आणि कोणी कागद वाचून घ्यायला आलं की ते गादीखाली सारायचा. गाव कसलं गप्प बसतं! पारावर चेष्टा चाले, की मास्तर आता पाटी घेऊन खाली बसले. बाबा हसून सोडून देत. मला मात्र त्या पारावरच्या एकेकाला दगड मारावासा वाटायचा.

परीक्षेचं केंद्र नांदुऱ्याला होतं. बाबा बाहेरून बसलेले, म्हणून त्यांना मागचा बाक मिळाला. त्यांच्या पुढच्या बाकावर आमच्याच गावच्या बड्या जमीनदाराचा धाकटा पोरगा होता. बाबांच्याच हाताखालून सातवी होऊन तो नांदुऱ्याला शिकायला गेलेला, मॅट्रिकला दोनदा आपटलेला, मिशी फुटलेला गडी. पुढचं मला त्या खोलीत बसलेल्या मुलांनी सांगितलं.

पहिला पेपर मराठीचा. बाबा झरझर लिहीत होते. मध्येच त्यांनी मान वर केली, तर पुढचा बाहीतून चिठ्ठी काढून उतरवत होता. दुसऱ्या कोणाही परीक्षार्थीने मान खाली घातली असती. बाबा उठले. आपण इथे कशाला आलो आहोत हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. बाकाला वळसा घालून पुढे गेले, पोराचं मनगट धरलं, चिठ्ठी काढून घेतली आणि वर्गात बोलायचे तसे बोलले, "उभा राह्य."

आणि तो उभा राहिला. मला सगळ्यात याचंच नवल वाटतं. एवढा दांडगा पोरगा, सवयीने उभा राहिला, खाली मान घालून. सगळी खोली हसायला लागली. पर्यवेक्षक धावत आले तेव्हा चिठ्ठी बाबांच्या हातात होती. कोणाची, हे त्यांना कळलं असणारच. पण त्या घराशी वाकडं घेण्यात त्यांना काय मिळणार होतं? त्यांनी चिठ्ठी फाडली, दोघांना बसायला सांगितलं आणि प्रकरण मिटलं म्हणून पुन्हा दारात जाऊन उभे राहिले.

तसं ते मिटलं नाही. खोली हसली होती. त्याच दिवशी ऊन उतरायच्या आत, सरकीच्या वखारीमागे, त्या पोराने आणि त्याच्या दोघा दोस्तांनी बाबांना गाठलं. दोघांनी धरलं आणि त्याने मारलं. दुसरीकडे फारसं लागलं नाही. चिठ्ठी धरलेला उजवा हात तेवढा त्याने दगडावर ठेवून लाकडाने ठेचला.

हाड बसवणाऱ्याने कामट्या बांधल्या. आई ठाण्यात चला म्हणून हटून बसली होती. बाबांनी ऐकलं नाही. म्हणाले, "माह्या हाताखालचा पोरगा हाय तो. त्याचे सालं वाया जातीन." मग आईने विचारलं, की आपलं काय वाया जातंय ते दिसतंय का. त्यावर बाबांनी डाव्या हाताने इंग्रजीचं पुस्तक पुढे ओढलं. त्यांना त्या घराची भीती वाटली असेल का, हा विचार मी पुष्कळ वर्षं केला. थोडी वाटली असेल. पण बोलले ते खरं बोलले, आणि म्हणूनच मला त्यांचा राग आला. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी इंग्रजी होतं. हात मोडलेल्याला लेखनिक घेता येत असे, मात्र तो खालच्या वर्गातला हवा. गावात कोणी आपलं पोरगं द्यायला तयार होईना. मोठ्या घराचा रोष कोण ओढवून घेणार? शेवटी मीच गेले. मी सहावीत होते. केंद्राच्या मुख्याध्यापकांनी आमच्याकडे बघितलं, कपाळ चोळलं आणि परवानगी दिली. मला बजावलं, की वडील सांगतील तेच लिहायचं, आपल्या पदरचं अक्षर घालायचं नाही.

आम्हाला नकाशे ठेवायच्या खोलीत बसवलं. दाराशी एक शिपाई होता. बाबांनी पहिल्या प्रश्नाची काही उत्तरं सांगितली, मी लिहिली. मग ते थांबले.

ते थांबणं मला सांगता येईल असं वाटत नाही. बाबांना काही येत नाही, असं मी तोवर पाहिलं नव्हतं. माझ्या लेखी जगातलं सगळं त्यांना येत होतं. गाईवरचा आणि पोस्टमनवरचा निबंध त्यांनी पाठ केला होता, त्यातलं काहीच आलं नव्हतं. आपल्या गावाविषयी लिहा, असं आलं होतं. बाबा त्या ओळीकडे बघत राहिले. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. कपाळावरचा घाम त्यांनी मोडक्या हाताने पुसायला घेतला आणि कळ आली तशी हात खाली घेतला.

मला थोडं येत होतं. आमचं गाव लहान आहे, गावात विहीर आहे, शाळा आहे, असली सहावीतली वाक्यं. मी शिपायाकडे पाठ केली आणि हळूच म्हणाले, "बाबा, मले येते. लिहू का?"

त्यांनी डाव्या हाताने माझ्या हातातला टाक काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. "पेपर माहा हाय, बाई," म्हणाले. "त्याच्यात तुही अक्कल नोको."

वेळ संपेपर्यंत आम्ही दोघं त्या कोऱ्या पानासमोर बसून राहिलो. बाहेर मालगाडी गेली. शिपाई पेंगला होता, मी काहीही लिहिलं असतं तरी कोणाला कळलं नसतं. मी रडत होते आणि बाबा माझ्याकडे बघत नव्हते. स्वप्नात मी अजून त्या खोलीत असते. टाक हाती असतो, वाक्यं सगळी येत असतात, आणि समोर बाबा ओठ हलवत असतात.

उन्हाळ्यात निकाल लागला. बाबा इंग्रजीत नापास झाले. पायथ्याच्या शाळेचा हुकूम आला. घर हलवायची ऐपत नव्हती, म्हणून ते एकटेच गेले. पेटी आणि कंदील घेऊन एसटीत बसले. हात वाकडाच जुळला होता. फळ्यावर लिहायला त्यांना डावा हात वापरावा लागायचा आणि पहिलीतली पोरं हसायची, हे त्यांनी स्वतःच आम्हाला हसत सांगितलं.

जमीनदाराचा पोरगा थर्ड क्लासात का होईना, पास झाला. शाळा उघडली तेव्हा सातवीच्या वर्गात तोच आला, गुरुजी म्हणून. कायद्यात काही खोट नव्हती. इंग्रजीसकट मॅट्रिक होता, मास्तर मिळत नव्हते, घरचं वजन होतं. शिकवायचं शिक्षण नाही तर नाही, ते पुढे होईल. बाबांना इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर जो पगार होता, जवळजवळ तेवढा त्याला पहिल्याच महिन्यापासून.

तो आला, सगळी मुलं उभी राहिली, मीही राहिले. आता हा मारणार, असं मी धरून चालले होते. वाट बघत होते म्हटलं तरी चालेल. मारलं असतं तर पुष्कळ सोपं झालं असतं.

त्याने मारलं नाही. खडू घेतला, त्याचं टोक मोडून खिशात टाकलं, फळ्याच्या कोपऱ्यात तारीख घातली आणि वर्गाकडे पाठ ठेवूनच विचारलं, "हं, काल कुठंवर आलतो आपण?" पहिलाच दिवस, काल कुठून येणार! हे बाबा होते. टोक मोडणं बाबांचं होतं, "हं" बाबांचा होता, वाक्याच्या शेवटी आवाज उचलणं बाबांचं होतं. शिकवायचं कसं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. एकच मास्तर त्याने नीट पाहिला होता, आणि तो त्याच्या अंगात उतरून बसला होता. मी डोळे मिटले की वर्गात बाबा शिकवत असत. डोळे उघडले की त्यांचा हात ठेचणारा माणूस असे. वर्षभर मी हे सोसलं आणि त्याच वर्षी वर्गात पहिली आले.

दिवाळीच्या सुट्टीत बाबा घरी आले. जेवताना, घास डाव्या हाताने कसाबसा उचलत त्यांनी विचारलं, की नवे गुरुजी कसे शिकवतात. आईने ताटात काहीतरी आपटलं. मला त्यांना दुखवायचं होतं. ठाण्यात गेले नाहीत म्हणून, माझ्या हातातला टाक काढून घेतला म्हणून, मला बोचेल असं काहीतरी बोलायचं होतं आणि ते माझ्याजवळ तयार होतं.

"तुमच्यावाणीच शिकवते," मी म्हणाले. "सारं तुमच्यावाणीच."

बाबांचा घास थांबला. मला वाटलं, लागलं. मग त्यांनी मान वर केली आणि चेहरा उजळला. वर्ग सुटल्यापासून पाहिला नव्हता इतका उजळला. "हाव?" म्हणाले, आणि डोळे भरून आले तरी ते हसतच होते. "मंग वर्ग आपल्याच घरी राह्यला म्हणा."